चिनी गाणी प्लेलिस्टमधून सारखी ग्रे होतात? ॲप बदलण्याआधी हे करून बघा

चिनी संगीताकडे मी गेलो ते केसरबाईंचं बोट धरून. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तिच्या लगेच आधी काय वाजतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथे गूछिन नावाच्या सात तारांच्या वाद्यावर ‘ल्यू श्वे’, म्हणजे ‘वाहतं पाणी’, वाजतं. लांबी ७ मिनिटं ३७ सेकंद, वादक ग्वान पिंगहू. ते एकदा ऐकलं आणि मग पिपा आणि अर्हू ही चिनी तंतुवाद्यं, तैवानची पॉप गाणी, हाँगकाँगची जुनी कँटनीज गाणी असं एकातून एक सुटत गेलं.

प्लेलिस्ट दीडशे गाण्यांची झाली आणि त्रास सुरू झाला. दर तीन-चार महिन्यांनी त्यातली सात-आठ गाणी ग्रे. बोट लावलं तरी वाजत नाहीत. एक ॲप सोडून दुसऱ्यावर गेलो, तिथेही तेच. तिसऱ्यावर गेलो तर तिथे निम्मी गाणी मुळात सापडेनातच. एकदा चिडून बसलो आणि ग्रे झालेली सगळी गाणी वहीत उतरवून एकेक शोधत गेलो. त्यातली बरीचशी गाणी त्याच ॲपवर, त्याच दिवशी, दुसऱ्या नावाखाली सुखाने नांदत होती. म्हणून सांगतो, वर्गणी रद्द करण्याआधी दुखणं नेमकं कोणतं आहे ते बघा.

गेलं की नुसतं दिसत नाही?

हे सोपं आहे, पटकन उरकून टाकू. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये न वाजणारी गाणी दाखवायचा पर्याय असतो. तो बंद असेल तर न वाजणारी गाणी यादीत दिसतच नाहीत. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि सहा महिन्यांनी एखादं गाणं आठवतं तेव्हा ते जागेवर नसतं. हा पर्याय आधी चालू करा. ग्रे गाणं डोळ्यांना खुपतं खरं, पण निदान काय गेलं ते तरी कळतं.

दुसरं, डाउनलोड केलेली गाणी. प्रवासात किंवा गावी नेट नसताना महिनाभर फोन ऑफलाइन राहिला तर स्पॉटिफायवरची उतरवलेली गाणी निघून जातात, कारण दर ३० दिवसांत एकदा तरी ॲपने नेटवर येऊन वर्गणी चालू असल्याची खात्री करून घ्यायची असते. यात चिनी-मराठी असा काही भेद नाही. नेट लावा, पुन्हा उतरवा, झालं.

नावांचा घोळ

आता खरी मेख. नासाच्या यादीत त्या गूछिनवादकाचं आडनाव इंग्रजीत ‘के’ने सुरू होतं आणि पुढच्या नावात एक ॲपॉस्ट्रॉफीही आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची ती जुनी वेड-जाइल्स पद्धत. आज चीनमध्ये चालणाऱ्या पिनयिन पद्धतीत तेच आडनाव ‘जी’ने सुरू होतं. माणूस एकच, रेकॉर्डिंग एकच, पण शोधपेटीच्या लेखी ही दोन माणसं. दोन्ही स्पेलिंगांनी शोधून बघा, दोन वेगळ्या याद्या हाती येऊ शकतात.

यावर कडी म्हणजे चीनच्या बाहेरची स्पेलिंगं. एकाच चिनी अक्षराने लिहिलं जाणारं आडनाव तैवानच्या जोलिन त्साईच्या बाबतीत ‘टी-एस’ने सुरू होतं, सिंगापूरच्या तान्या छुआच्या बाबतीत ‘सी-एच’ने, आणि पिनयिनमध्ये ते ‘सी-ए-आय’ होतं. जो तो आपापल्या बोलीतल्या उच्चाराप्रमाणे लिहितो. आपल्याकडे दीक्षितांचं स्पेलिंग ‘एक्स’ घालून करणारे आणि ‘के-एस-एच’ घालून करणारे असे दोन पंथ आहेतच, इथे त्याचे तीन झालेत एवढंच.

हाँगकाँगच्या गायकांना तर इंग्रजी नाव वेगळं आणि चिनी वेगळं. जॅकी चुंग पिनयिनमध्ये जांग श्वेयो होतो, ईसन चॅन होतो छन यीश्युन. फे वाँग म्हणजे वांग फेई, पण तिचे सुरुवातीचे अल्बम शर्ली वाँग या नावाने निघाले होते, त्यामुळे जुनं काही हवं असेल तर ते तिसरं नावही घालून बघायचं. बँडचंही तसंच. तैवानचा मेडे हा बँड चिनीत ‘वू युए थियन’. नुसतं मेडे लिहिलं तर जगभरातले भलतेच मेडे समोर येतात.

गाण्यांच्या नावांचे तीन अवतार असतात: चिनी अक्षरांत, पिनयिनमध्ये, आणि इंग्रजी भाषांतरात. तैवानचा गायक जे चौ याचं निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांवरचं २००७ सालचं प्रसिद्ध गाणं घ्या. कुठे ते ‘छिंग ह्वा त्स’ म्हणून नोंदलेलं असतं, कुठे ‘ब्लू अँड व्हाइट पोर्सेलेन’ म्हणून. कंपनीने अल्बम चढवताना जे लिहून दिलं ते तिथे. मालिकांच्या गाण्यांत हा घोळ सर्वांत जास्त. ‘द अनटेम्ड’ बघून गाणी शोधायला गेलेल्यांना इंग्रजी नावाने मूळ अल्बमऐवजी पियानोवर वाजवलेल्या नकलाच मिळतात, कारण मालिकेचं चिनी नाव ‘छन छिंग लिंग’ आहे आणि अल्बम त्या नावाने निघालेला आहे.

अक्षरंसुद्धा दोन प्रकारची. चीनमध्ये १९५६ नंतर सोपी केलेली अक्षरं आली, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनीच राहिली. तैवानची गायिका तेरेसा तेंग हिच्या नावात तीन अक्षरं, त्यातली दोन या दोन लिप्यांत वेगळी दिसतात. बहुतेक ॲपं हल्ली हा फरक सांभाळून घेतात, पण मोठ्या कलाकारांच्याच बाबतीत. एखाद्या कमी ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला तुम्ही एका लिपीत हाक मारता आणि ते दुसऱ्या लिपीत बसलेलं असतं.

उपाय काय? मी हा करतो. विकिपीडियाच्या चिनी आवृत्तीत कलाकाराचं पान उघडायचं. वर लिपी बदलण्याचा पर्याय असतो: चीनची सोपी, हाँगकाँगची, तैवानची. दोन्ही रूपांतलं नाव कॉपी करून फोनच्या नोट्समध्ये ठेवायचं. म्युझिकब्रेन्झ या मोफत डेटाबेसमध्येही एका कलाकाराची अनेक नावं एकाखाली एक दिलेली असतात. गाणं कुठेतरी वाजताना ऐकलं असेल आणि नावच माहीत नसेल तर शझॅम या गाणी ओळखणाऱ्या ॲपला ऐकवा. मूळ अक्षरांतलं नाव हाती लागलं की अर्धी लढाई संपली.

पिनयिन स्वतः टाइप करणार असाल तर मराठी कानावर विसंबू नका. ‘श्याओ’ ऐकू आलं तर सुरुवात ‘एक्स’ने, ‘छिंग’ ऐकू आलं तर ‘क्यू’ने. आपण साहजिकच ‘एस-एच’ आणि ‘सी-एच’ लिहितो आणि शोध रिकामा येतो. चिनी कीबोर्डवर तर ‘ल्यु’सारखा उच्चार हवा असेल तर ‘एल’पुढे ‘व्ही’ दाबावा लागतो, कारण दोन टिंबांचा ‘यू’ साध्या कीबोर्डवर नाही.

एक सापळा आणखी. शोधात पहिलं आलं म्हणजे ते मूळ गाणं असं नाही. तेरेसा तेंगच्या लोकप्रिय गाण्यांच्या सॅक्सोफोन, बासरी, कराओके अशा ढीगभर नकला आहेत. अल्बमच्या पानाच्या तळाशी हक्कधारकाचं नाव आणि साल असतं, ते वाचायची सवय लावा. गायिका १९९५ साली गेली आणि हक्कधारक कालपरवाची अनोळखी कंपनी असेल तर जरा थांबा. पारंपरिक वाद्यांच्या बाबतीत हे जास्तच. ‘चायनीज म्युझिक’ असं नुसतं लिहिलं की स्पामध्ये लावतात ते झोपाळू संगीत तासन्‌तास मिळतं, त्यात कीबोर्डचा आवाज कुठला आणि खरं गूझंग हे तंतुवाद्य कुठलं हे कळायला मार्ग नाही. तिथे वादकाच्या नावाने जा: पिपासाठी वू मान, अर्हूसाठी मिन ह्वेइफेन, गूछिनसाठी ग्वान पिंगहू.

गाण्याचा सातबारा

नाव बरोबर आहे, तरी ग्रे. मग मामला हक्कांचा. जमिनीला जसा सातबारा, तसा गाण्यालाही असतो, आणि त्यावर एकाहून जास्त नावं असतात. चाल-शब्दांचा मालक एक, रेकॉर्डिंगचा दुसरा, आणि तो हक्क कोणत्या देशात कोणी वापरायचा याचा करार तिसऱ्याशी. तो करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली, की नवा होईपर्यंत गाणं ग्रे. तैवानपुरताच करार असेल तर पुण्यात ते ग्रेच राहणार.

मुदत संपून अल्बम नव्या कंपनीकडून पुन्हा चढवला गेला तर त्याला ॲपच्या लेखी नवा क्रमांक मिळतो. काही वेळा ॲप जुनी नोंद नवीला आपणहून जोडतं, काही वेळा नाही. मग प्लेलिस्टमधली जुनी नोंद मेलेली आणि तेच गाणं शेजारच्या ‘बेस्ट ऑफ’मध्ये जिवंत. माझ्या वहीतल्या बहुतेक गाण्यांचं हेच झालं होतं. म्हणून ग्रे गाणं दिसलं की कलाकाराच्या पानावर जाऊन त्याचे सगळे अल्बम, संकलनंसुद्धा, चाळा. सापडलं की जुनं काढा, नवं घाला.

एकाच गायकाचे काही अल्बम आहेत आणि काही नाहीत, याचंही उत्तर सातबाऱ्यावरच मिळतं. फे वाँगचे १९९७ पर्यंतचे अल्बम सिनेपॉलीचे, त्यानंतरचे ईएमआयचे, २००३ चा सोनीचा. पुढे या कंपन्यांचीही खरेदी-विक्री झाली. हाँगकाँगच्या बियाँड बँडचंही तसंच, आधी सिनेपॉली, १९९२ पासून वॉर्नर. टीव्हीवरच्या स्पर्धांत गायलेली गाणी हा तर निराळाच फेरफार. हुनान टीव्हीवरच्या ‘आय ॲम अ सिंगर’मुळे २०१४ मध्ये जी. ई. एम. ही गायिका चीनभर पोहोचली, पण अशा कार्यक्रमातल्या लाइव्ह गाण्याचा हक्क वाहिनीच्या बाजूला असू शकतो, गायिकेच्या कंपनीकडे नव्हे. तिच्या अल्बमच्या यादीत ते शोधून उपयोग नाही. ते वाहिनीच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर बघायचं.

आपल्या देशात एखादा अल्बम आहे का, हे वर्गणी न भरता तपासायची एक युक्ती आहे. ॲपल म्युझिकच्या वेबपत्त्यात देशाची दोन अक्षरं असतात: तैवान ‘टी-डब्ल्यू’, हाँगकाँग ‘एच-के’, चीन ‘सी-एन’, भारत ‘आय-एन’. तैवानचा दुवा मिळाला तर ती दोन अक्षरं बदलून ‘आय-एन’ करा आणि एंटर दाबा. पान उघडलं आणि गाणी काळ्या अक्षरांत दिसली तर भारतात आहे. उघडलं नाही तर नाही. वीस सेकंदांत निकाल.

आपण दुसऱ्या देशातून नेटवर आहोत असं भासवणाऱ्या व्हीपीएनने हे सुटेल असं अनेकांना वाटतं. स्पॉटिफाय काय किंवा ॲपल म्युझिक काय, गाण्यांचा साठा तुमच्या खात्याच्या देशाला बांधलेला असतो. ॲपलचा देश बदलायचा तर आधी खात्यातली शिल्लक संपवा, चालू वर्गणी बंद करा, मग त्या देशातलं कार्ड किंवा पैसे भरण्याचं साधन द्या. एवढं करून भारतातली गाणी जायची ती जातातच. दोन ग्रे गाण्यांसाठी मी हे करणार नाही.

मग थेट चिनी ॲपच का नको?

हा प्रश्न हमखास येतो. क्यूक्यू म्युझिक हे टेन्सेंट या चिनी कंपनीचं ॲप २९ जून २०२० च्या ५९ ॲपांच्या बंदी-यादीत होतं, तेव्हा भारतापुरता तो विषय तिथेच मिटला. बंदी नसती तरी फार काही साधलं नसतं. चिनी ॲपं चीनबाहेरून उघडली की त्यांचे करार चीनपुरते असल्यामुळे तिथेही बरीच गाणी ग्रे दिसतात. परदेशात शिकणारे चिनी विद्यार्थी याच रडगाण्याने हैराण असतात, आपलाच आजार उलट्या दिशेने.

शिवाय चीनमध्ये तरी सगळं एका ठिकाणी मिळतं हा गैरसमज आहे. जुलै २०१५ मध्ये तिथल्या सरकारने विनापरवाना गाणी काढून टाकायचा आदेश दिला आणि २२ लाखांहून जास्त गाणी उतरवली गेली. त्यानंतर एकाधिकाराच्या करारांची चढाओढ लागली. २०१८ मध्ये जे चौची गाणी नेटईझ क्लाउड म्युझिक या प्रतिस्पर्धी ॲपवरून गेली आणि त्याच्या चाहत्यांना टेन्सेंटच्या दारात जावं लागलं. जुलै २०२१ मध्ये बाजार नियामकाने टेन्सेंटला एकाधिकार सोडायला लावले, तोवर लोकांना दोन-दोन ॲपं ठेवायची सवय लागून गेली होती. अलीबाबाचं श्यामी म्युझिक हे जाणकार श्रोत्यांचं लाडकं ॲप तर ५ फेब्रुवारी २०२१ ला बंदच झालं. आणि काही गाणी कराराबिराराच्या भानगडीत न पडता नाहीशी होतात. नानजिंगचा लोकगीत-रॉक गायक ली जी याची गाणी एप्रिल २०१९ मध्ये चीनमधल्या सगळ्या ॲपांवरून एकदम उतरली.

केकेबॉक्स आणि जूक्स ही नावंही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. केकेबॉक्स मूळचं तैवानचं, जूक्स टेन्सेंटचं पण चीनबाहेरच्या आशियासाठी. हाँगकाँग, मलेशिया या पट्ट्यात ती चालतात. भारतात दोन्ही नाहीत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जरूर बघावीत, मंदारीन (चीन-तैवानची मुख्य भाषा) आणि कँटनीज पॉपसाठी त्यांची शोधयंत्रणा स्थानिक कानांनी घडवलेली आहे.

भारतातून घ्यायचं तर

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, तिन्ही इथे मिळतात. कुठलंही घेण्याआधी आपल्या आवडीची वीस गाणी कागदावर लिहा. सगळी प्रसिद्ध नकोत. पाच गाजलेली, पाच जुनी, पाच लाइव्ह किंवा मालिकेतली, पाच वाद्यसंगीत. वर सांगितलेल्या सगळ्या नावांनी तिन्हीकडे शोधा. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिकवर फुकट खात्यानेही शोधता येतं. ज्याला जास्त गुण, ते घ्या. दुसऱ्याच्या आवडीवरून ठरवलेलं ॲप इथे हटकून फसतं, कारण ‘चिनी संगीत’ हे नाव एक असलं तरी आतली दुकानं वेगळी आहेत.

माझं विचाराल तर जुनं हाँगकाँग-तैवान आणि टीव्हीवरचं लाइव्ह ऐकणाऱ्याने यूट्यूब म्युझिक घ्यावं. कारण साधं आहे: अल्बम नसला तरी व्हिडिओ असतो, आणि तो त्याच प्लेलिस्टमध्ये बसतो. तैवानच्या रॉक रेकॉर्ड्ससारख्या कंपन्यांनी आपले जुने व्हिडिओ स्वतःच चढवलेले आहेत. फक्त एक पथ्य पाळा. कुणा चाहत्याने चढवलेला व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये घालू नका, तो आज ना उद्या उडणार आणि तुम्ही पुन्हा पहिल्या घरात. चॅनेल अधिकृत आहे का ते बघूनच घाला.

नवं मंदारीन पॉप ऐकणाऱ्याचं स्पॉटिफायवर भागतं. वाद्यसंगीत आणि सिंफनी ऐकणाऱ्याने ॲपल म्युझिककडे बघावं, त्याच वर्गणीत ॲपल म्युझिक क्लासिकल मिळतं. १९५९ सालच्या ‘बटरफ्लाय लव्हर्स’ या व्हायोलिन कन्चेर्तोची वेगवेगळ्या वादकांनी वाजवलेली रूपं शेजारी-शेजारी ठेवून ऐकायची असतील तर वादकाप्रमाणे लावलेली यादी लागते, आणि ती साध्या ॲपवर मिळत नाही. एकट्या ताकाको निशिझाकीनेच तो कन्चेर्तो एकापेक्षा जास्त वेळा ध्वनिमुद्रित केलाय. बीजिंगचा इंडी रॉक आवडत असेल तर वर्गणीच्या भानगडीत न पडता बँडकँपवर मेबी मार्ससारख्या लेबलचे अल्बम विकत घ्या. फाइल हातात येते आणि कोणाच्या कराराची मुदत आपल्याला मोजत बसावी लागत नाही.

फाइलवरून आठवलं. ज्या दहा-वीस गाण्यांवाचून तुमचं अडतं, त्यांची सीडी किंवा विकत घेतलेली फाइल मिळवाच. यूट्यूब म्युझिकवर स्वतःची एक लाख गाणी चढवता येतात, ॲपल म्युझिकवरही तेवढीच. चढवलेलं गाणं ग्रे होत नाही. चढवण्याआधी फाइलमध्ये नाव चिनी अक्षरांत आणि कंसात पिनयिन असं दोन्ही भरा, नाहीतर स्वतःच्याच संग्रहात शोधत बसाल.

आणि एका ॲपवरून दुसऱ्यावर प्लेलिस्ट हलवणारी जी साधनं असतात, त्यांच्यावर चिनी गाण्यांच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकीकडे गाणं अक्षरांत आणि दुसरीकडे पिनयिनमध्ये असेल तर जुळणी चुकते, आणि ते साधन ‘झालं’ म्हणून मोकळं होतं. माझ्या बाबतीत एका तेरेसा तेंगच्या जागी कुणाची तरी सॅक्सोफोनची नक्कल येऊन बसली होती, महिनाभर पत्ता नाही. म्हणून यादीची एक साधी टेक्स्ट फाइल वेगळी ठेवा: कलाकार, गाणं, अल्बम, साल, सगळं मूळ अक्षरांत.

माझ्या त्या फाइलमध्ये आज १६३ नावं आहेत. गेल्या रविवारी तपासली तेव्हा पाच ग्रे होती. तीन दुसऱ्या संकलनात सापडली, एक वाहिनीच्या चॅनेलवर मिळालं. पाचवं एक कँटनीज गाणं आहे, हाँगकाँगच्या ‘एच-के’ पानावर दिसतं आणि ‘आय-एन’ केलं की पान उघडत नाही. त्याची जुनी सीडी शोधतोय.